घरी कापड रंगवायचंय? मंग रंग कशानं धरून राहतो ते आधी समजून घ्या

फाल्गुन लागला की किनवट-माहूरच्या रानात पळस पेटतो आणि मंग फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, ताई फुलं उकळली, रंग लई भारी आला, पांढरा कुर्ता बुडवला आणि पहिल्याच धुण्यात सगळा रंग मोरीत गेला, आता मीठ टाकू का व्हिनेगर टाकू. दोन्ही नका टाकू. मीठ लागतं ते सुती कापडाच्या पाकिटातल्या काही रंगांना, व्हिनेगर लागतं ते लोकर-रेशमाच्या काही केमिकल रंगांना. पळस, कांदा, डाळिंब, झेंडू यांना त्यानं काही पक्केपणा येत नाही. लोक एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगतात आणि चांगलं कापड वाया जातंय, त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

कोणताही रंग हातात आला की एकच विचारायचं, हा रंग त्या कापडाला किंवा भिंतीला कशानं धरून राहणार आहे? याचं उत्तर कळलं की कुणाला तुरटी लागती, कुणाला चुना, कुणाला डिंक, आणि कोणता रंग काही केलं तरी टिकणारच नाही, हे सगळं तुमचं तुम्हाला सांगता येतंय.

आधी उजेडाचं थोडं सांगते, लवकर उरकते. आपल्या डोळ्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा उजेड दिसतो, एका टोकाला जांभळा आणि दुसऱ्या टोकाला लाल. पांढऱ्या उन्हात हे सगळे रंग एकत्र असतात, हे न्यूटननं 1660 च्या दशकात प्रिझम घेऊन दाखवलं. वस्तू रंगीत दिसती कारण ती त्यातला काही उजेड गिळून टाकती आणि उरलेला आपल्याकडं परत पाठवती. हळदीतलं कर्क्युमिन 425 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा उजेड गिळतं, म्हणून राहिलेला आपल्याला पिवळा दिसतो. असं गिळायचं काम रेणूतल्या कार्बनच्या साखळीकडं असतं, ज्यात एक सोडून एक दुहेरी बंध असतात, आणि ही साखळी लांब झाली की गिळला जाणारा उजेड लाल बाजूकडं सरकतो. ही साखळी तुटली की रंग गेला. ऊन हेच करतंय, पुढं परत येईलच.

आता मोबाइलवर एखादं पांढरं पान उघडा आणि बोटाच्या टोकानं पाण्याचा अगदी बारीक थेंब स्क्रीनवर ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके दिसायला लागतात. म्हणजे उजेडात उजेड मिसळला की पांढऱ्याकडं जातंय. रंगाच्या पातेल्यात नेमकं उलटं होतंय, प्रत्येक रंग उजेडातला आपापला वाटा गिळतो, त्यामुळं तीन-चार रंग एकत्र उकळले की मळकट तपकिरीच हाती येणार. एका पातेल्यात दोनच्या वर रंग घालायचे नाहीत. आमच्या पैठणच्या पैठणीतली धूपछांव बघा, तिथं रंग पातेल्यात मिसळतच नाहीत, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, मिसळायचं काम तुमचा डोळा करतो, म्हणून तर पदर हलला की रंग बदलतो आणि तरी मळकट दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. काचेचे दोन ग्लास घ्या. एकात कांद्याच्या सालींचं उकळून गाळलेलं पाणी, दुसऱ्यात चमचाभर गेरू टाकून ढवळलेलं पाणी. रात्रभर ठेवा. सकाळी कांद्याचं पाणी तसंच रंगीत पण आरपार दिसणारं असंल, आणि गेरूच्या ग्लासात गेरू तळाला बसून वर पाणी निवळलेलं असंल. कांद्याचा रंग पाण्यात विरघळलाय, त्याचे रेणू सुटे झालेत, ते धाग्याच्या आत शिरू शकतात. याला रंजक म्हणा, डाय म्हणा. गेरू विरघळतच नाही, त्याचे कण दगडाचेच राहतात, ते धाग्याच्या आत जात नाहीत, वर बसतात, आणि बसून राहायचं तर त्यांना चिकटवणारं काहीतरी लागतं. हे रंगद्रव्य, म्हणजे पिगमेंट. पैठणीचं रेशीम डायनं रंगतं आणि अजिंठ्याच्या भिंती पिगमेंटनं रंगल्यात. तिथं बेसॉल्टच्या दगडावर मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि त्यावर चिकट द्रव्यात कालवलेले गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. लोक गेरूच्या पाण्यात कापड बुडवून वर विचारतात की झटकलं की पूड कामून पडती. पूड पडणारच, तिला धरायला तिथं काही नाहीच.

आता कापड. सूत म्हणजे सेल्युलोज, रेशीम आणि लोकर म्हणजे प्रोटीन. प्रोटीनमध्ये रंगाला आणि धातूला पकडायला जागा भरपूर असतात म्हणून रेशमावर तोच रंग दुप्पट खुलतो. सुतावर त्या जागा कमी, म्हणून सुतासाठी जास्त तयारी लागती आणि बहुतेकांचं काम इथंच फसतंय. पॉलिस्टर या पद्धतीनं रंगतच नाही, त्याचा नाद सोडा. कापड सुतीच आहे का ते बघायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत, जळक्या केसांचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर, वितळून कडक गोळी झाली की पॉलिस्टर. शिकायला मांजरपाट एकदम बेस्ट, स्वस्त असतो आणि ब्लीच केलेला नसतो. उदगीर-नांदेडकडची खादी मिळाली तर अजून चांगलं, हातसूत जरा सैल असल्यानं पाणी पटकन आत घेतंय.

आधी सुकं कापड काट्यावर वजन करा, कारण सगळं माप कापडाच्या वजनावर चालतं, पाण्यावर नाही. मी 100 ग्रॅम कापडाचं सांगते, तुम्ही त्या हिशोबानं वाढवा. नव्या कापडात खळ असती आणि कापसाचा स्वतःचा मेणकट थर असतो, तो काढल्याशिवाय रंग डाग-डाग बसतो. 5 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण टाकून तासभर उकळा, पाणी चहासारखं पिवळं-तपकिरी निघंल, ते बघून घाबरू नका, ते निघावं म्हणूनच उकळलं. मंग स्वच्छ पाण्यानं धुवा. नीट झालं का ते बघायला ओल्या नाही, वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच आत गेला तर झालं, वर मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळा.

दुसरी पायरी हिरड्याची. 20 ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा, सकाळी पिळून सावलीत वाळवा, धुवायचं नाही. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला चिकटतं आणि पुढं धातूला पकडायला जागा तयार करतंय. कापड फिक्कट पिवळसर होईल. ही पायरी गाळली तर तुरटी सुतावर नीट बसत नाही आणि मंग तुम्ही रंगाला दोष देत बसता.

तिसरी पायरी तुरटी. 20 ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवा, आणि 3 ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात थोडा थोडा टाका, फसफसून वर येतंय म्हणून भांडं मोठं घ्या. कोमट झाल्यावर कापड टाका, अधूनमधून हलवा, रात्रभर राहू द्या. रेशीम असंल तर हिरडा आणि सोडा दोन्ही नको, नुसती 10 ते 15 ग्रॅम तुरटी पुरती आणि पाणी उकळू द्यायचं नाही, रेशमाची चमक जाती. तुरटीतला ॲल्युमिनियम एका हातानं धाग्याला आणि दुसऱ्या हातानं रंगाच्या रेणूला धरतो, आणि हे तिघं मिळून असा मोठा गुंता होतो की तो पाण्यात विरघळत नाही. रंग पक्का होणं म्हणजे हेच. म्हणूनच तुरटी रंगवायच्या आधी लावली तर जास्त काम करती, रंगवून झाल्यावर वरून चमचाभर शिंपडून तेवढा परिणाम येत नाही.

आता रंग. सुरुवात कांद्याच्या सालींनी करा, आडतीत पोतंभर फुकट मिळतात आणि हा रंग सहसा निराश करत नाही. 100 ग्रॅम कापडाला 50 ते 100 ग्रॅम सुक्या साली, तासभर उकळून गाळा, गाळलेल्या पाण्यात ओलं कापड टाका, कोरडं टाकायचं नाही नाहीतर पट्टे पडतात. वाफ निघती पण बुडबुडे येत नाहीत एवढ्या आचेवर तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. तुरटीवर सोनेरी पिवळा ते गंजकट नारिंगी येतो. सालींतलं क्वेर्सेटिन नावाचं रंजक हे काम करतं. दसरा-दिवाळीनंतर दाराचे झेंडू वाळवून ठेवा, त्यातही याच घराण्यातली रंजकं आहेत, त्याचा पिवळा जास्त ऊबदार येतो. डाळिंबाच्या सालीत टॅनिन स्वतःचंच असतं म्हणून तिला हिरडा नसला तरी चालतंय, तिचा पिवळा जरा हिरवट झाक मारतो. बाभळीच्या सालीचा तपकिरी येतो, पण उभ्या झाडाची साल काढू नका, तोडलेल्या फांदीची घ्या.

आणि इथं खरी मजा आहे. त्याच कांद्याच्या पिवळ्या कापडाचा एक तुकडा कापा, वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात 1-2 ग्रॅम हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, विरघळवा आणि तुकडा त्यात बुडवा. डोळ्यासमोर, मोजून मिनिटाच्या आत, पिवळा मळायला लागतो, मंग शेवाळी होतो, कडेकडेनं आधी आणि मंग मधे. डाळिंबाच्या सालीचा तुकडा टाकला तर तो राखाडी होत होत काळ्याकडं जातो. लोखंड आणि टॅनिन मिळून काळा होतंय, जुनी लिहायची शाई याच गोष्टीवर चालायची. रंग बदलला कारण धरणारा धातू बदलला, आणि धातू बदलला की रेणू कोणता उजेड गिळतो तेही बदलतं. दहा मिनिटांच्या वर ठेवू नका आणि 2 ग्रॅमच्या वर घेऊ नका, जास्त लोखंडानं सूत काही वर्षांत कुजकं होतं. हिराकस नसंल तर गंजके खिळे, गूळ आणि पाणी मातीच्या मडक्यात पंधरा-वीस दिवस आंबवा, छापाईवाल्यांची ही जुनी रीत आहे, काळपट पाणी तयार होतंय ते गाळून वापरा. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधा, झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होतो.

पाण्याबद्दल न बोलता मराठवाड्यात रंगकाम शिकवणं बरोबर नाही. आमच्याकडं बोरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरं कीट बसतं, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. काही बोरांत लोखंडही असतं. तुम्ही हिराकस घातलंच नाही आणि पिवळा तरीही मळकट आला तर पाण्यावर संशय घ्या. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी, पहिले एक-दोन पाऊस सोडून, दोन-तीन कॅन भरून ठेवा आणि निदान शेवटच्या रंगाच्या पातेल्याला तेच वापरा. नसंल तर पाणी उकळून, निवळून वरचं घ्या, सगळं जडपण जात नाही पण बरंचसं तळाला बसतं. मंजिष्ठेची गोष्ट मात्र उलटी आहे, तिचा लाल कॅल्शियमच्या पाण्यात जास्त खुलतो, म्हणून आयुर्वेदिक दुकानातून मंजिष्ठेची मुळं आणलीत तर खुशाल बोरचं पाणी घ्या. आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असती तेव्हा पातेलं एकदा वापरून ओतून देऊ नका, त्याच पाण्यात दुसरं कापड टाका, तिसरं टाका, प्रत्येक वेळी फिक्कट छटा येती आणि त्या छटा एकमेकींना शोभतात पण.

आता पळस. फुलं ताजी असोत का सुकी, गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि हळू आचेवर अर्धा तास ठेवा. पाणी पिवळसर नारिंगी येतं. चिमूटभर चुन्याची निवळी टाकली की ते एकदम केशरी होतं, कारण पळसातली द्रव्यं अल्कलीत, म्हणजे चुना-सोड्यासारख्या द्रव्यात, आपला आकार बदलतात आणि वेगळा उजेड गिळायला लागतात. कापडासाठी ठीक आहे. पण रंगपंचमीला अंगावर टाकायच्या पाण्यात चुना घालू नका, लेकरांच्या डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, ही गोष्ट कुणी हसण्यावारी नेऊ नये. खेळायला नुसतं फुलांचं पाणी घ्या, ते कपड्यावर फार टिकत नाही आणि खेळायला तेच तर पाहिजे. बाजारातल्या सुट्या हिरव्या रंगात मॅलाकाइट ग्रीनसारखे कारखान्यातले रंग असू शकतात. आणि मारुतीला लावायचा शेंदूर पारंपरिक पद्धतीचा असंल तर तो शिशाचा ऑक्साइड आहे, तो लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, रंगकामात तर घ्यायचाच नाही.

हळदीवर लोकांचा फार जीव असतो, आणि आमच्या वसमतची हळद जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, त्यामुळं ती घालूनच बघावी वाटतं. बघा, पण कापड कशासाठी रंगवताय ते आधी ठरवा. हळद तुरटीशिवायही सुताला धरते, पहिल्याच बुडवणीला झगमगीत पिवळा येतो, धुण्यातही बऱ्यापैकी राहतो. पण उन्हात कर्क्युमिनची साखळी तुटते आणि रंग उडतो, त्याला तुरटी वाचवू शकत नाही. शर्टावर वरणाचा डाग पडला की साबण लावल्यावर तो लाल होतो, घाबरून घासत बसू नका, साबण अल्कली आहे म्हणून तो लाल झालाय, नीट खळबळून शर्ट कडक उन्हात टाका, याच कारणानं डाग ऊनच नेतंय. लेकरांना दाखवायचं असंल तर हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर सोड्याच्या पाण्यानं काडीनं नाव लिहायला सांगा, अक्षरं लाल उमटतात आणि लिंबू फिरवलं की परत पिवळी. तेव्हा हळदीचा रंग घरातल्या देवाच्या वस्त्राला, सावलीत राहणाऱ्या रुमालाला ठीक, रोज दोरीवर वाळणाऱ्या कुर्त्याला नाही. बीट, जास्वंद, जांभूळ हे तर त्याहून कच्चे, पातेल्यात फार सुंदर दिसतात आणि कापडावर महिनाभरात राखाडी होतात, त्यांच्यावर कापड खर्च करू नका. पालकानं हिरवा होतंय असं पण कुणी सांगितलं तर ऐकू नका, पानातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. कापडावरचा खरा हिरवा म्हणजे आधी निळ्यात बुडवून मंग पिवळ्यात बुडवलेला.

आणि निळा म्हणजे नीळ, म्हणजे इंडिगो. हिला ना तुरटी लागत ना हिरडा, कारण हिचं धरणंच वेगळं आहे. निळी नीळ पाण्यात विरघळत नाही, त्या अर्थानं ती गेरूसारखीच आहे. पण अल्कलीच्या पाण्यात तिच्यातला ऑक्सिजनचा भाग बांधून टाकला की ती पिवळट-हिरवी होते आणि विरघळते. त्या अवस्थेत ती धाग्यात शिरती, आणि कापड बाहेर हवेत काढलं की हवेतला ऑक्सिजन तिला परत निळं करतो, ती आतच अडकून बसती. कापड हिरवट निघतं आणि तुमच्या हातात धरलेलं असताना वरून खाली निळं होत जातं, हे आयुष्यात एकदा तरी बघा. घरी करायचं तर नीळ पूड 1 भाग, विरवलेला चुना 2 भाग, गूळ 3 भाग, खोल डब्यात गरम पाण्यात कालवा, झाकून ऊबेला ठेवा, ढवळताना हवा आत जाऊ देऊ नका. गूळ सावकाश काम करतो, दोन-चार दिवस लागू शकतात. वर निळसर तांबूस फेस आणि खाली पिवळट-हिरवं पाणी दिसलं की तयार. जुने रंगारी यात तरोट्याच्या बिया उकळून टाकायचे, आपल्या बांधावर पावसाळ्यात जो तरोटा माजतो तोच, त्यानं आंबायला मदत होते. हातमोजे घाला, चुन्याचं पाणी कातडी खातं. एकदा लांब बुडवून गडद येत नाही, दहा मिनिटं बुडवा, बाहेर काढून निळं होऊ द्या, परत बुडवा, असे थर चढवा. शेवटी एकदा पातळ व्हिनेगरच्या पाण्यातून काढा, इथं त्याचं काम चुना मारण्याचं आहे.

धुण्याला टाकायची निळीची पूड म्हणजे ही नीळ नव्हे, ती घेऊन कापड रंगवायला जाऊ नका. ती पूड बहुतेक वेळा अल्ट्रामरीन असती, म्हणजे पिगमेंट. पण तिची ओळख फार मोठी आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांमधला निळा हा लाजवर्द दगडाचा आहे, जो अफगाणिस्तानच्या बदख्शानमधून इथपर्यंत यायचा, कारण आपल्या डोंगरात गेरू आहे, पिवळी माती आहे, बेसॉल्टच्या पोकळ्यांमधली हिरवी माती पण आहे, निळा मात्र नाही. त्या दगडातला निळा गंधकाच्या तीन अणूंच्या गटामुळं येतो, तो जाळीदार स्फटिकात कोंडलेला असतो. 1820 च्या दशकात युरोपात हेच द्रव्य भट्टीत बनवायची रीत सापडली आणि जो निळा उंटावरून यायचा तो किराणा दुकानात आला.

पिगमेंट स्वतः करून बघायचा असंल तर ते कापडापेक्षा सोपं आहे. गेरू कुटा, भरपूर पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा, जाड कण खाली बसतात, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. असं दोन-तीनदा केलं की हाताला लोण्यासारखी लागणारी माती मिळती, ती वाळवा. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून मधासारखा दाट करा, गाळा, त्यात माती घोटा, थोडा मध टाका म्हणजे वाळल्यावर तडकत नाही. झाला वॉटरकलर, दुकानातल्या वॉटरकलरमध्ये पण बाभळीच्याच जातीचा डिंक असतो. पिवळी माती असंल तर थोडी जुन्या लोखंडी तव्यावर कडक भाजा, हळूहळू ती लाल होती. पिवळ्या मातीत लोखंडासोबत पाणी बांधलेलं असतं, ते निघून गेलं की तीच माती गेरू होती, वीटभट्टीत वीट लाल होती तिथंही लोखंडाचाच खेळ आहे.

डायचा पिगमेंट पण करता येतो. कांद्याच्या गाळलेल्या गरम रंगात 10 ग्रॅम तुरटी विरघळवा, मंग सोड्याचं पाणी थेंब-थेंब टाका. फेस येतो आणि पाण्यात पिवळे ढग तयार होऊन खाली बसायला लागतात. तो ॲल्युमिनियमचा साका आहे आणि त्यानं रंग स्वतःसोबत ओढून घेतलाय. दाट फडक्यावर गाळा, दोनदा पाणी घाला, वाळवा, कुटा. आता हा रंग पाण्यात विरघळत नाही, डिंकात घोटून चित्राला वापरता येतो. ज्याला तुरटी कापडावर काय करते हे डोळ्यानं बघायचंय त्यानं हे एकदा करावंच.

केमिकल रंगांना शिव्या देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. 1856 साली विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून क्विनाइन हे मलेरियाचं औषध करायला गेला आणि जांभळा रंग सापडला, तिथून हा धंदा सुरू झाला, 1897 मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ मागं पडत गेली. रेणू तोच, झाडातून आला काय अन् कारखान्यातून आला काय. 1956 मध्ये सुतासाठी रिॲक्टिव्ह रंग आले, ते सेल्युलोजशी थेट रासायनिक बंधच करतात, त्यामुळं तुरटीची मध्यस्थी लागतच नाही, फक्त धुण्याचा सोडा आणि मीठ लागतं. शाळेचा गणवेश, रोज मळणारी लेकरांची कापडं यांना मी रिॲक्टिव्हच सांगीन, पण पूड श्वासात जाऊ देऊ नका, तोंडाला फडकं बांधून कालवा. ओढणी, झबलं, उशीचा अभ्रा, जे जपून वापरणार त्याला कांदा-डाळिंब-नीळ. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि क्रोमियमवाले क्षार मात्र जुन्या पुस्तकात कितीही लिहिलेले असले तरी घरात आणू नका.

रंग पक्का झाला का ते कुणाला विचारायची गरज नाही, आपलं ऊन आहे ना. रंगवलेल्या कापडाची पट्टी कापा, अर्धी पुठ्ठ्यात झाका आणि गच्चीवर आठवडाभर ठेवा, मे महिन्यात तर चार दिवसांत निकाल कळतो. पुठ्ठा काढला की हळदीची पट्टी अर्धी पांढरी पडलेली दिसंल आणि डाळिंब-लोखंडाच्या पट्टीला मधली रेघ शोधावी लागंल. धुण्यासाठी दुसरी पट्टी पांढऱ्या चिंधीला टाचून साबणात धुवा, चिंधी रंगली तर रंग सुटतोय. तिसरी पट्टी लिंबाच्या पाण्यात आणि चौथी सोड्याच्या पाण्यात, कारण घाम थोडा आंबट पण असतो आणि नंतर अल्कलीकडं पण जातो. पट्ट्या वहीत टाचताना शेजारी कापडाचं वजन, तुरटी किती, आणि पाणी कुठलं, बोरचं का पावसाचं का नळाचं, हे पण लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तीच छटा येणार नाही.

भांडी वेगळीच ठेवा, रंगाचं पातेलं परत स्वयंपाकात नाही. पितळ किंवा लोखंडाचं भांडं नको, स्टीलचं घ्या. उरलेलं कांद्या-झेंडूचं पाणी थंड करून झाडाला घाला, तुरटीचं पाणी भरपूर पाण्यात पातळ करून रिकाम्या जमिनीवर, निळीच्या डब्यातलं चुन्याचं पाणी आणि हिराकसचं पाणी विहिरीच्या, बोरच्या किंवा जनावरं पितात त्या जागेच्या जवळ कधीच ओतू नका.